ए फॉर अँड्रोमेडा: मालिका पुसली, कादंबरी उरली (आणि माझ्या प्रतीचा शेवट कसरीने खाल्ला)

पडवीतला

नमस्कार मंडळी. चार दिवस पाऊस नुसता लागून राहिलाय, लाइट येते नि जाते, रेंजसाठी पडवीतल्या एका ठरावीक खांबाला टेकून बसावं लागतं, तिथूनच लिहितोय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

तर झालं असं की आमच्याकडच्या एका जुन्या वाचनालयाने गेल्या वर्षी पुस्तकं रद्दीत काढली, किलोवर. नाव घेत नाही, रोज समोरून जायचं असतं. मी पोचेपर्यंत बरंचसं गेलेलं होतं, उरलेल्यात ही इंग्रजी पेपरबॅक सापडली, 'ए फॉर अँड्रोमेडा', लेखक फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट. हॉईल म्हणजे आपल्या नारळीकर सरांचे गुरू एवढं ठाऊक होतं म्हणून उचललं. घरी आणून ऊन दाखवलं, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवलं नि विसरलो. या पावसात काढलं.

आधी वाटलं होतं की टीव्ही मालिकेवरून केलेलं पुस्तक म्हणजे एसटी स्टँडवर सिनेमाच्या गाण्यांची चोपडी मिळायची ना, तसलंच काहीतरी असणार. मालिका बीबीसीवर १९६१ साली आली, सात भाग, पुस्तक १९६२ चं. पण पहिली पन्नास पानं मी चहा गार होऊ देऊन वाचली. थोडक्यात गोष्ट अशी की यॉर्कशायरमध्ये नवी रेडिओ दुर्बीण उभी राहते, तिच्यावर अँड्रोमेडा या तारकासमूहाच्या दिशेकडून एक संदेश येतो, फ्लेमिंग नावाचा तिरसट, दारुडा पण हुशार शास्त्रज्ञ तो उलगडतो तर ती निघते एक अवाढव्य कॉम्प्युटर बांधायची कृती. आणि हे लोक बांधतात! स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर थॉर्नेस म्हणून लष्करी तळ असतो तिथे. मग तो कॉम्प्युटर पुढची कृती सांगतो, जिवंत पेशी बनवायची. तीही बनवतात. आधी एक डोळ्याचा गोळा, मग पुढचं पुढचं.

मला आवडलं ते थॉर्नेस. कडा, खाली खवळलेलं पाणी, सतत वारा, चौकीवर ओला झालेला पहारेकरी. माड नाहीत एवढंच, बाकी आपलाच किनारा पावसाळ्यातला. खटकलं ते असं की दर दोन पानांनी सीन बदलतो, माणसं खोलीत येतात, बोलतात, जातात, कोणाच्या मनात काय चाललंय ते कधी कळत नाही, कॅमेरा ठेवल्यासारखं. मधेमधे तर नुसती पटकथाच वाचतोय असं वाटलं.

आणि आता खरं दुखणं. माझ्या प्रतीची शेवटची दोन प्रकरणं कसरीने खाल्लीत. नुसती भोकं नाहीत, चाळण झालीय, पान धरलं की हातात भुगा. त्यामुळे फ्लेमिंग कुऱ्हाड शोधत असतो तिथे मी अडकलोय. तुमच्यापैकी कोणी वाचलंय का? मतं सांगा, पण शेवट सांगू नका, कुठूनतरी मिळवून वाचणार आहे.

उधाण

वा, मस्त धागा. मी कॉलेजात असताना वाचलेली, परत चाळली मध्यंतरी.

तुम्हाला एक गंमत सांगतो. ती मालिका आज कोणी धड बघूच शकत नाही. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, एकदा कार्यक्रम दाखवून झाला की पुसून त्यावर दुसरं रेकॉर्ड करायचे, तशी ही पण पुसली. सातातला सहावा भाग काय तो अख्खा हाती लागला, तोही किती वर्षांनी, बाकीच्यांचे तुकडे आणि फोटो. म्हणजे तुमची प्रत आणि ती मालिका दोघींची अवस्था एकच, सहाव्यापर्यंत गाडी येते आणि शेवटाला बोंब!

ज्युली क्रिस्तीचं अगदी सुरुवातीचं काम होतं ते, नाट्यशाळेतून उचलून आणलेली पोरगी. पुढे ती केवढी मोठी नटी झाली, पण ते पहिलं काम मात्र बरंचसं पुसलेलं. त्यामुळे मालिकेवरची कादंबरी म्हणजे उष्टं वगैरे जे म्हणतात ते इथे लागूच होत नाही, कारण मूळ ताट धुऊन ठेवलंय.

बाबल्या

माका ह्या पुस्तक मुंबैत फुटपाथार मिळाला होता. वाचलंय. पण खरा सांगू? पयलो भाग बरो, मगे मंत्री येतत, जनरल येतत, मिटिंगी करतत, परत मिटिंगी करतत. आमच्या पंचायतीत काय कमी मिटिंगी आसत? दशावतारात कसा, लिवलेला काय एक नसता, राजा इलो की आपल्याक सुचात ता बोलता, संकासुर इलो की झोपलेले पण उठान बसतत. हय संकासुरच नाय रे.

पडवीतला

@बाबल्या, तो एक डोळ्याचा गोळा आहे की संकासुर :)

@उधाण, टेप पुसल्याचं माहीत नव्हतं. आता पुस्तक कपाटात परत ठेवताना हात जपून चालेल.

सुरंगीचा गजरा

मी पुस्तक आवडलेल्यांपैकी नाही, आधीच सांगते.

यात बाई शास्त्रज्ञ आहे, मॅडलीन डॉने, जीवशास्त्राची, पेशी बनवायचं सगळं काम तिचं. १९६२ च्या मानाने ही मोठी गोष्ट, मान्य. पण जूडीचं काय? ती आहे सुरक्षा खात्याची हेर, काम शास्त्रज्ञांवर नजर ठेवायचं, आणि प्रत्यक्षात फ्लेमिंगच्या मागे मागे फिरून त्याच्या मूडकडे बघत बसते. तिथेच काम करणारी क्रिस्टीन बिचारी कॉम्प्युटरचा शॉक लागून मरते आणि कॉम्प्युटरच्या कृतीवरून तिच्याच चेहऱ्याची आंद्रे नावाची मुलगी तयार होते, आणि एकाही माणसाला, एकालाही, त्या मेलेल्या मुलीच्या आईबापाचं काय हा प्रश्न पडत नाही. आमच्याकडे आड्यावरून नारळ पडून माणूस जखमी झाला तरी गाव आठवडाभर बोलतं. इथे तर मेलेली पोर परत चालायला लागलीय नि लोक फायली बघतायत.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अँड्रोमेडाला आपण मराठीत देवयानी म्हणतो. आणि देवयानीच्या बापाकडे कोणती विद्या? संजीवनी! शाळेत कच-देवयानीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, असुर कचाला मारून जाळतात, राख मद्यात घालून शुक्राचार्यांनाच पाजतात, मग पोटातल्या कचाला बाहेर काढायचं तर गुरू मरणार, म्हणून गुरू पोटातल्या पोटात त्याला मंत्र शिकवतो. तो कच बिचारा विद्या घ्यायला आत गेला होता. या पुस्तकात उलटं चाललंय, विद्या आपण होऊन आलीय, न मागता, आणि मेलेलीला उठवतेय. हॉईलसाहेबांच्या डोक्यात यातलं काही नसणारच, पण मला वाचताना हे सारखं आठवत होतं आणि तेवढ्यासाठी मी पुस्तक पूर्ण केलं.

सड्यावरचा

+१ देवयानीच्या मुद्द्याला. बाकी संदेश उलगडण्याबद्दल मला बोलायचंय, कारण तिथे पुस्तक मला फसवतं.

मी रत्नागिरीजवळच्या सड्यांवर कातळशिल्पं बघत फिरतो, नाद आहे. कशेळीचा हत्ती बघितलाय का कोणी? एवढा मोठा की उभ्या उभ्या कळतच नाही हत्ती आहे म्हणून, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत, मासे, जनावरं, काय काय. सकाळी नऊच्या आत जायचं, ऊन तिरपं असतं तेव्हा रेघेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं, बारा वाजता तिथेच उभं राहा, नुसता काळा कातळ. पाण्याची बाटली ओतून रेघ ओली केली तर दिसते म्हणून लोक तेही करतात, करू नये. आता हा संदेश माणसांनीच सोडलेला, याच जमिनीवर, काही हजार वर्षांपूर्वी. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेला. आणि आपल्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, का कोरलं, कोणासाठी कोरलं, काही नाही. आणि फ्लेमिंगभाऊ परग्रहावरचा संदेश सिगारेटी ओढत ओढत सोडवतात. हे नाय पटत राव.

उधाण

@सड्यावरचा, मुद्दा भारी आहे पण तुलना चुकतेय असं वाटतं. कातळशिल्पं आपल्यासाठी नव्हतीच, ती त्यांच्या त्यांच्यात होती. पुस्तकातला संदेश मुद्दाम अनोळखी माणसाला वाचता यावा म्हणूनच केलेला आहे, शून्य आणि एक, म्हणजे कोणीही गणित येणारा येऊन उचलेल असा. गळाला आमिष लावतो तसा. मासा म्हणत नाही ना की हे माझ्या भाषेत का नाही लिहिलं.

सड्यावरचा

गळाचं उदाहरण मानलं. म्हणजे सोपं असणं हाच त्यातला डाव. हे पुस्तकात कुठे असं सरळ सांगितलंय का, की तुम्ही घातलंत?

उधाण

फ्लेमिंग बोंबलत असतो की सारखा. बाकीचे म्हणतात वा काय ज्ञान मिळालं, हा एकटा विचारतो पाठवणाऱ्याला यातून काय मिळणार. मी फक्त गळ घातला.

गुरुजी (निवृत्त)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

हे पुस्तक कधीचं ते बघा. परग्रहावरून रेडिओने संदेश येऊ शकतो हे कोकोनी आणि मॉरिसन यांनी 'नेचर'मध्ये मांडलं १९५९ ला. फ्रँक ड्रेकने अमेरिकेत दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवून प्रत्यक्ष ऐकायचा प्रयत्न केला १९६० ला. डीएनएची रचना कळली १९५३ ला. आणि १९६१ च्या ऑक्टोबरात ही मालिका टीव्हीवर! म्हणजे कल्पना अजून ओली होती तेव्हाच हॉईलनी तिचं नाटक केलं. त्यात रेडिओने माणूस पाठवता येत नाही, माहिती पाठवता येते, आणि जीव म्हणजे सुद्धा शेवटी माहितीच, ही दोन टोकं त्यांनी जोडली. अंतराळयान नाही, हिरवी माणसं नाहीत. हे आज साधं वाटतं कारण नंतर खूप जणांनी वापरलं.

आता हॉईल माणूस कसा होता. विश्व कायम असंच आहे असा स्थिर स्थितीचा सिद्धांत १९४८ मध्ये मांडणाऱ्यांपैकी ते एक. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली या दुसऱ्या बाजूच्या सिद्धांताला त्यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना 'बिग बँग' म्हटलं. म्हणजे ज्या मुलाला आयुष्यभर घरात घेतलं नाही त्याचं बारसं यांनीच केलं. त्यांच्याकडे नारळीकर केंब्रिजला पीएचडीला होते, ती १९६३ ला पुरी झाली, म्हणजे ही मालिका आणि पुस्तक आलं त्या दिवसांत आपला मुलगा त्यांच्याच हाताखाली गणितं करत होता. पुढे नारळीकरांनी स्वतः विज्ञानकथा लिहिली १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी, तीसुद्धा स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये. पहिलं आलं बक्षीस.

आणि जूडीबद्दल सुरंगीताई म्हणतायत ते बरोबरच आहे. हॉईलना माणसं लिहिता येत नसत, असं माझं मत. संवादांची उठबस एलियट यांच्या हातची, ते बीबीसीतले लेखक.

सुरंगीचा गजरा

गुरुजी, सुंदर. ते बारशाचं वाक्य मी चोरणार आहे.

श्रीवर्धनी रोठा

मी याचा पुढचा भाग पण वाचलाय, 'अँड्रोमेडा ब्रेकथ्रू', ती मालिका १९६२ ची आणि गंमत म्हणजे ती पूर्ण शिल्लक आहे. ज्युली क्रिस्ती तोवर मिळेना म्हणून आंद्रेचं काम सुझन हॅम्पशायरने केलं.

मला तो भाग जास्त लागला, त्याला कारण आहे. त्यात प्रयोगशाळेतला एक जंतू समुद्रात जातो आणि हवेतला नायट्रोजन शोषायला लागतो, मग हवेचा दाब बिघडतो आणि जगभर वादळं सुरू होतात, थांबतच नाहीत. मी हे वाचलं २०२० च्या जुलैत. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं होतं. आमची सुपारीची बाग, आजोबांच्या हातची, सकाळी होती, संध्याकाळी तिथून थेट समुद्र दिसत होता, जो तिथून कधीच दिसायचा नाही. पोफळी मोडत नाहीत, त्या वाकतात आणि मग मधेच फाटतात, तो आवाज मी काय सांगू. तर ते पुस्तक घेऊन मी छप्पर नसलेल्या खोलीत ताडपत्रीखाली बसलो होतो, आणि लेखक लिहितो वादळ वाढत चाललंय, वाढत चाललंय, आणि पात्रं ऑफिसात बसून बोलतायत. पुस्तक फेकून दिलं. चार दिवसांनी परत उचललं कारण दुसरं काही वाचायला नव्हतं, सगळं भिजलेलं.

पडवीतला

अहो श्रीवर्धनी!!! आंद्रे पुढच्या भागात आहे म्हणजे या भागाच्या शेवटी ती उरते हे सांगून मोकळे झालात की. ठळक अक्षरात लिहिलं होतं मी.

बागेचं वाचून मात्र पोटात कालवलं. आमच्याकडे तौक्ते वादळामध्ये दोन कलमं गेली तर आई महिनाभर बोलत नव्हती.

श्रीवर्धनी रोठा

अर्र, माफ करा राव. पण काळजी नको, कशी उरते आणि उरते म्हणजे नेमकं काय ते सांगितलं नाहीये अजून.

बाबल्या

आता सांगूनच टाका रे तेका. बिचारो खांबाक टेकान बसलोहा.

चाकरमानी

बोरिवलीहून. गणपतीला येईन तेव्हा हे पुस्तक पडवीत येऊन वाचायला आवडेल.

मालिकेवरच्या पुस्तकांबद्दल एक भर घालतो कारण माझा हा जुना छंद. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, गावात एकच ब्लॅक अँड व्हाइट सेट, अँटेना माडाच्या शेजारी बांबूवर, वारा आला की स्पॉकच्या तोंडावर मुंग्या. एक पोरगा बाहेर बांबू धरून उभा. त्याला फक्त आवाज ऐकू यायचा, म्हणून मग आम्ही आत बसलेले त्याला नंतर अख्खी स्टोरी सांगायचो. मालिकेवरची कादंबरी म्हणजे माझ्या लेखी तेच, बांबू धरलेल्या पोराला सांगितलेली स्टोरी. आणि सांगताना आम्ही पदरचं घालायचोच!

ते पदरचं कधी कधी खरं होऊन बसतं. स्टार ट्रेकमधला सुलू, त्याला मालिकेत पहिलं नावच नव्हतं. व्होंडा मॅकिंटायर बाईंनी १९८१ च्या कादंबरीत त्याला हिकारू नाव दिलं आणि दहा वर्षांनी, १९९१ च्या सिनेमात, ते चक्क पडद्यावर घेतलं. बीबीसीच्या डॉक्टर हू या मालिकेचे तर नव्वदहून जास्त भाग असेच पुसून गेलेत, इंग्लंडातली पोरं कितीतरी वर्षं टार्गेट कंपनीच्या छोट्या पुस्तकांवरच वाढली.

उधाण

बांबूवाला पोरगा तूच होतास ना, खरं सांग.

चाकरमानी

अर्धा वेळ. पाळी लावली होती.

नेटवर्क शोधतोय

धागा वर आलाय म्हणून लिहितो. मी सॉफ्टवेअरवाला, गुहागरला घरून काम करतो. यात एक जागतिक लबाड कंपनी आहे, शास्त्रज्ञाला फितवून कॉम्प्युटरची माहिती पळवणारी, तिचं नाव काय असावं? इंटेल! पुस्तक १९६२ चं, खरी चिपवाली इंटेल निघाली १९६८ ला. मी ट्रेनमध्ये वाचताना एवढ्या मोठ्यांदा हसलो की समोरच्या काकूंनी डबा आवरला.

बाकी एआयशी तुलना कोणी अजून कशी केली नाही याचं आश्चर्य. मशीन जे सांगतं ते माणसं करतायत, कारण दर वेळी काहीतरी फायद्याचं देतंय, आधी क्षेपणास्त्र, मग जखमा भरणारं एन्झाइम...

सुरंगीचा गजरा

नको ना. प्रत्येक धाग्यात एआय. पुस्तकातलं मशीन काय करतं ते बघू या की जरा.

नेटवर्क शोधतोय

बरं बाई. पण एन्झाइमचा भाग बघाच. सरकारला आधी मशीन बंद करायचं नसतं क्षेपणास्त्रासाठी, आणि मग विकायला औषध मिळतं म्हटल्यावर कोण बंद करतंय. हे मला सगळ्यात खरं वाटलं, शास्त्रापेक्षाही.

गुरुजी (निवृत्त)

हे बरोबर पकडलंत.

अवांतर: जीव बाहेरून येतो ही कल्पना हॉईलनी कथेपुरती ठेवली नव्हती. त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ विक्रमसिंघे यांच्याबरोबर ते खरोखर तसं मांडत राहिले, लोक हसले तरी. त्यावरून नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडले, २००१ ला आणि परत २००५ ला, वरची हवा, ४१ किलोमीटरपर्यंतची, निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. दुसऱ्या वेळच्या नमुन्यांत तीन नवे जीवाणू मिळाले, २००९ ला जाहीर झाले, त्यातल्या एकाचं नाव ठेवलं जॅनिबॅक्टर हॉयली. ते अंतराळातूनच आले असं सिद्ध झालेलं नाही, हे मी वर्गातही दोनदा सांगायचो. पण शिष्याने गुरूच्या नावाचा जंतू आकाशातून काढून दाखवला यावर मुलं जाम खूश व्हायची.

एकदा आम्ही एसटी करून खोडदला नेली होती मुलं, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला, विज्ञान दिनाला तिथे आत सोडतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आमचा एक खारवी मुलगा वर बघत बसला आणि म्हणाला, गुरुजी, हे तर जाळंच आहे, तार विणलीय नुसती, वारा आरपार जायला. बरोब्बर तेच कारण आहे त्या जाळीच्या पृष्ठभागाचं. हे पुस्तक तेव्हा माझ्याकडे असतं तर त्या मुलाला दिलं असतं.

सड्यावरचा

गुरुजी, तो मुलगा आता काय करतो?

गुरुजी (निवृत्त)

ट्रॉलर आहे त्याचा. जीपीएस, फिश फाइंडर सगळं स्वतः दुरुस्त करतो.

बाबल्या

हां, ह्यो पुस्तकात होयो होतो.

पडवीतला

किती प्रतिसाद! लाइट आत्ता आली, सगळं एकदम वाचलं. सुरंगीताई, तुमच्या देवयानीमुळे मी क्रिस्टीन मरते तो भाग परत काढून वाचला आणि खरंच, आईबापाचा उल्लेख शोधूनही सापडला नाही मला. आणि नेटवर्कवाले, एन्झाइमचं पान नेमकं अर्धं खाल्लेलं आहे माझ्याकडे, मला वाटत होतं ते कसलंतरी मलम आहे.

आता विनंती. कोणाकडे प्रत असेल तर फक्त शेवटच्या दोन प्रकरणांचे फोटो पाठवाल का? कुऱ्हाडीपासून पुढे.

सुरंगीचा गजरा

माझ्याकडे आहे, चिपळूणला. २००५ च्या पुरात भिजलेली, पानं फुगलीत पण अक्षर शाबूत. उद्या उजेड असेल तर काढते, आज चार वाजताच दिवा लावलाय. एक पान दुसऱ्याला चिकटलंय, ते सोडवताना फाटलं तर तेवढं तोंडी सांगेन.

पडवीतला

चालेल. पदरचं घातलंत तरी चालेल.

चाकरमानी

बांबू कोण धरतंय?